रांगेबाहेर बसवलेली अव्वा

भावाचा फोन आला तवा मी अंगणात सोयाबीन उलथून राहिले व्हते. म्हनला, "अक्का, रस्ता मोठा होऊन राहिलाय. आपलं वरचं रान चाललं त्यात. समाध्या बी जातात."

"कवा?"

"मशीन येऊन थांबलीय गावाबाहेर. सोमवारी समद्यांना उचलून खालच्या रानात नेतो. तू ये."

फोन ठिवला, पन काम सुधरंना. उलथलेलंच पुन्हा उलथायची. सून म्हनली, "आत्या, सोमवारला अजून लई टाईम हाय. बसा की जरा." बसले. लगेच उठले. सकाळी पिशवी भरून नायगावच्या स्टँडवर उभी.

आमी लिंगायत. आमच्यात जाळत न्हाईत. खड्डा करून मानसाला बसवतात, मांडी घालून, जिवंतपनी पूजेला बसावं तसं. कपाळाला विभूती, हातात लिंग, अंगावर बेलाची पानं, मीठ, माती. वर दगड. माझं माहेर निलंग्याच्या अंगाला. तितं वरच्या रानात अशी दगडांची रांग व्हती. पंजा, पंजी, आजा, आजी, चुलते, शेवटाला माझा बाप, अप्पा. दगडावर नाव न्हाई का गाव न्हाई. ज्याला माहीत त्याला माहीत.

माझी आई, तिला आमी अव्वा म्हनायचो, मी बोलायला शिकले न शिकले तवाच गेली. तोंड आठवत न्हाई. हिरव्या बांगड्यांचा एक हात आठवतो. तो तिचाच का दुसऱ्या कुनाचा, ते बी सांगता येत न्हाई. अप्पांनी दुसरी केली. तिला मी चिक्कव्वा म्हनते. आमच्याकडं धाकट्या आईला तसंच म्हनतात. हा भाऊ तिच्या पोटचा.

लहानपनी कुनीतरी मला रांगेतला एक दगड दाखवला व्हता. खपली उडालेला. ही तुझी अव्वा, म्हनले. येळवसला, म्हंजी येळ अमावस्येला, आमच्याकडं समदे रानात जातात. कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी, आंबील. लेकी बी येतात. मी दर येळवसला पहिला घास त्या दगडापुढं ठिवायची. मालक गेले, पोरं लहान, लोकाचा कापूस येचायला जायची, तवा बी येऊन त्या दगडापाशी बसले. थोरला पोरगा तापानं गेला तवा बी. रडले न्हाई. रडायला बसलं की कामाचा खाडा. नुसती बसायची अन् उठून जायची.

मुखेड, उदगीर, निलंगा, गाड्या बदलत गेले. उदगीरच्या पुढं दर थांब्याला मी उठून उभी राहायची. कंडक्टर वैतागला.

"मावशे, तुमचं गाव अजून लई लांब हाय. बसा, पडाल."

"बसलेच हाय की बाबा."

"कुठं बसल्या? उभ्याच हाव तुमी!"

बाया हसल्या. मी बी हसले, पन बसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावासंगं रानात गेले. त्यानं समद्या दगडांना चुना लावून ठिवला व्हता. मी खपलीच्या दगडाला हात लावला. म्हनलं, "अव्वाला आदी उचला."

भाऊ म्हनला, "ही पंजी हाय अक्का. अप्पाची आजी."

"खुळा का काय तू? ही माझी अव्वा."

"अप्पांनी मला बोट लावून दाखवलंय समदं. हा पंजा, ही पंजी, हा आजा." त्यानं शेवटपतोर दाखवलं. त्यात माझी अव्वा कुठंच नव्हती.

"मंग माझी कुठं हाय?"

त्यो खाली बघाय लागला. "चिक्कव्वाला इचार."

चिक्कव्वा ओसरीत बाजंवर बसून शेंगा सोलत व्हती. दात एक न्हाई, कान मात्र तिखट. मी पायऱ्या चढायच्या आदीच म्हनलं, "चिक्कव्वा, माझी अव्वा कुठं हाय?"

"हे काय इचारनं झालं? ओढ्याला."

"ओढ्याला?"

"पोटुशी गेली ना ती. लेकरू पोटात तसंच. असलीला रांगेत घेतात व्हय? ओढ्याच्या काठाला बाभळीखाली बसवली. वापस येताना वाटेनं मोहरी टाकत आले म्हनं. ती घराकडं निघाली तर मोहरी येचत बसंल, तवर उजाडतं."

"तुला कुनी सांगितलं?"

"माझ्या सासूनं. पहिल्या येळवसलाच नेलं मला तिकडं. म्हनली, थोरलीला खण ठिव, पाया पड, तरच सुखानं नांदशील. भेत व्हते बाई मी. नवी नवरी अन् अशी सवत." तिनं पदराआडून काळा दोरा वढून दाखवला. त्याला चांदीचा टाक. बाईची मूर्ती, घासून गुळगुळीत झालेली. "ही बघ. तुझीच अव्वा. अजून गळ्यात हाय."

"मंग मला एवढ्या वर्षांत कामून सांगितलं न्हाई?"

"तू इचारलंस कवा? येळवसला यायची, नीट रांगेकडं जायची. मला वाटलं, पंजीला मानती लेक. लई देवभोळी हाय."

तिचं काय चुकलं? कुनाचंच काय चुकलं न्हाई. तरी तितं बसवंना. पानी प्यायले अन् तशीच वरच्या रानाच्या कडंच्या ओढ्याला गेले. भाऊ मागं आला. बाभूळ कवाच तोडलेली. धोंड्यांचा बारका ढीग तेवढा राहिला व्हता. धोंड्यात खणाच्या चिंध्या अडकलेल्या. चिक्कव्वानं ठिवलेल्या. मी ढिगाला हात लावला. रांगेतल्या दगडापाशी बसायची सवय, हिला मी पहिल्यांदाच भेटत व्हते.

भाऊ म्हनला, "एक बरं हाय अक्का. रस्ता हिकडं येतच न्हाई. हिला कुनी हात लावत न्हाई. नशीबवान हाय तुझी अव्वा."

त्याच्या बोलन्यात खोट नव्हती. रांगेतले समदे उठनार अन् ही जागच्या जागी. पन मला ते पटंना. आजवर निदान हाकेवर तरी मानसं व्हती तिची. आता ती समदी खालच्या रानात जानार, गावाच्या पार दुसऱ्या अंगाला. हिच्याजवळ रस्ता तेवढा.

"हिला बी न्यायचं," मी म्हनलं. "रांगेत."

"भावकी काय म्हनंल?"

"म्हनू दे."

सोमवारी जंगम स्वामी आले, भावकी आली. एकेक दगड काढून खालची माती मडक्यात घेतली. आमची माती काळी, ती काय ठिवत न्हाई. अप्पाचं जरा हाड सापडलं, बाकीच्यांची माती अन् माती. ओढ्यावरचं मडकं मी माझ्या हातानं भरलं. कुनाला देईना. टेम्पोत बी मांडीवर घेऊन बसले.

खालच्या रानात दोरी लावून खड्डे केले व्हते. माझ्या हातात मडकं बघून चुलतभाऊ पुढं झाला. भावकीत त्योच थोरला.

"हे कुनाचं?"

"माझ्या अव्वाचं."

"अशीला रांगेत न्हाई घेता येत. माझी नातसून पोटुशी हाय. घरात बसून रडून राहिलीय सकाळपून. उद्या काय झालं तर?"

मी स्वामींकडं बघितलं. स्वामी म्हनले, "आमचं काम पूजेचं. भावकीनं ठरवा." भाऊ चप्पल बघत उभा. चुलतभावाचा राग येईना मला. घरात तसली पोरगी असल्यावर कुनीबी भेनार. पन मी मडकं घेतलं अन् अप्पाच्या खड्ड्याशेजारी मातीत जाऊन बसले. म्हनलं, "हितं खड्डा करा. न्हाईतर मला बी हितंच बसवा, दोन कामं एकदम होतील."

"अक्का, ऊठ गं," भाऊ म्हनला.

"न्हाई उठत."

ऊन चढलं. तेवढ्यात चिक्कव्वा टेम्पोतून ओरडली. तिला खुर्चीवर बसवून आनलं व्हतं.

"ये पोरी, ऊठ तितनं! ती माझी जागा हाय."

समदे तिच्याकडं बघाय लागले.

"त्याच्या उजव्या अंगाला मी बसनार. अख्खी जिंदगी केलं मी त्याचं. तू कामून बसलीस तितं?"

"मंग अव्वा कुठं बसंल?"

"डावीकडं बसवा की. तिला कुनी नको म्हनलं?"

चुलतभाऊ म्हनला, "काकी, तुमाला कळतंय का काय बोलून राहिलाव? पोरगी पोटुशी हाय म्हनतोय मी."

"तू गप रे. माझी समदी बाळंतपनं हिला गळ्यात घेऊन झाली. हा तुझ्यापुढं उभा हाय त्यो बी. काय झालं त्याला? जरा येडा हाय, पन त्यो त्याच्या बापावर गेलाय."

हसू सुटलं समद्यांना. भावाला बी. हसता हसता कुनीतरी खोरं उचललं अन् डावीकडं खांदाय लागलं. चुलतभाऊ हसला न्हाई. तो जेवायला बी थांबला न्हाई. जाताना मला म्हनला, "बाई, तू तुझ्या गावाला जाशील. निभवायचं आमाला हाय."

अव्वाला मी खाली ठिवलं. स्वामींनी विभूती टाकली, बेल टाकला. माती लोटली. काठी टेकत चिक्कव्वा उजवीकडची जागा बघून आली. म्हनली, लई कमी ठिवली, मी काय मांजर हाय का?

आता जीव थंड होईल असं वाटलं व्हतं. न्हाई झाला. नायगावला आले तशी त्या पोरीचाच घोर लागला. मी तिला बघितलं बी न्हाई. तिचे दिवस भरत आलेत. बाळंतपनात कुनाचं काय होईल ते सांगता येत न्हाई. माझ्याच अव्वाचं झालं. पन पोरीला नख जरी लागलं तरी नाव अव्वाचंच घेतील. मंग अव्वाला पुन्हा ओढ्याला नेऊन टाकतील, अन् या बारीला मला आडवं जाता येनार न्हाई.

भावाला फोन लावते. "काय खबर?"

"अक्का, सकाळीच केलता ना तू? न्हाई अजून."

"दवाखान्यात नेलंय का?"

"उद्या नेतात. तू जेव जरा."

जेवते. फोन ताटाजवळ ठिवते. सून म्हनती, आत्या, वाजंल की, सारखं काय बघता. वाजला की आदी हात पुसते, मंग उचलते. आजपतोर तरी कुनी कायबी सांगितलं न्हाई.