दुधावरची मासोळी
दूध तापल्याचा वास आला की मला आमचं तलावाकाठचं घर आठवतं. आम्ही ढिवर, घरात ओल्या जाळ्यांचा वास कायमचा, दूध मात्र क्वचितच. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील, मोठ्या भावाला ताप लागला. बाबांनी त्याला बैलगाडीत घालून चांद्याच्या डॉक्टरांना दाखवलं आणि पिवळ्या कॅप्सूल आणल्या. "इंग्रजी दवाई गरम राह्यते, पोट जाळते," म्हणत माय रोज गवळ्याला ताज्या मासोळ्या देऊन लोटाभर दूध आणायची आणि प्रत्येक गोळी दुधासोबतच द्यायची. ताप काही हटेना. चुलीवर रस्सा शिजू लागला की भाऊ खाटेवरून म्हणायचा, "माय वं, वाटीभर रस्सा दे ना." माय डोळे पुसत म्हणायची, "दुधावर मासोळी नाई चालत बापा, कोड फुटते. गोळ्या सरू दे, मंग खाजो." गोळ्या सरायच्या आधी भाऊच गेला. परवा औषधाच्या दुकानदारानं मला तसल्याच कॅप्सूल देताना बजावलं, "आजी, दुधासोबत घेऊ नका बरं, दुधानं दवाईचा असर जाते." मी कॅप्सूल काउंटरवर ठेवल्या. मग विचारलं, "अन् मासोळी?" "मासोळी खा ना खुशाल," तो म्हणाला.