रस्त्याकडची डिश

घर माझं आहे. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना कोणालाही वाटेल की ते दुसऱ्या कोणाचं असावं आणि मी तिथे भाड्याने राहत असावा. हॅम्बर्गच्या कडेला, जिथे बस संपते तिथे, एकाला एक चिकटून बांधलेल्या नव्या घरांची रांग आहे. त्यातलं एक माझं. आधी जहाजाच्या इंजिनात आणि मग बंदरातल्या वर्कशॉपात हाडं झिजवून घेतलेलं. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही दाभोळच्या खाडीकाठी, गळक्या छपराखाली. पण घराच्या कागदावर सही माझी आहे, आणि ती मी मराठीत केली. समोरचा माणूस बघत राहिला होता.

घर घेतलं त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात बायकोला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. पुढे हात थोडा हलायला लागला, आणि बोलणंही थोडं आलं, पण आलं ते मराठी. जर्मन परत आलंच नाही. इथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिने वर्षानुवर्षं काम केलं होतं, ताट न संपवणाऱ्या पोरांना ती जर्मनमध्ये दटावायची. आता कोणी नुसतं ‘गुटन मॉर्गन’ म्हटलं तरी ती माझ्याकडे बघायची, हा माणूस काय मागतोय म्हणून. बोलायला शिकवणारी बाई घरी यायची, चित्रं दाखवायची, आणि विचारायची जर्मनमध्ये. ती गेली की बायको भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

डॉक्टर म्हणाले, हिला हिच्या ओळखीची भाषा दिवसभर कानावर पडू द्या, नाहीतर आलंय तेही जाईल. मुलगी ब्राउनश्वाइगला नोकरीला. शनिवारी यायची. तिचं मराठी म्हणजे भात, वरण, पुरे, झोप. बाकी सगळं ती जर्मनमध्ये बोलते, आणि तिच्या आईला ते आता कळत नव्हतं. दोघी एकमेकींचा हात धरून बसायच्या. मला ते बघवायचं नाही, मी खाली तळघरात जाऊन काहीतरी घासत बसायचो.

तेव्हा डिश बसवायची ठरवलं. केबल घरात होती, पण तिच्यावर आपलं काही नाही. मराठी डिशवरही नव्हतं, हिंदी होतं. हिंदी तर हिंदी, बायकोला ते निम्मं तरी कळायचं, आणि साड्या, देवघर, सासू-सुना हे कळायला भाषा लागतेच कुठे. बाजारपेठेत एका तुर्की माणसाचं दुकान होतं, तो हे काम करायचा. त्याने येऊन पाहिलं, अंगठ्याने आकाश मोजलं आणि म्हणाला, उपग्रह दक्षिणेला आहे, तुमची दक्षिण रस्त्याच्या बाजूला. तिथेच लागेल. मी म्हटलं, लाव. माझी भिंत आहे.

आता इथे मी जे केलं ते आमच्याकडे कोणीही केलं असतं. होडी पाण्यात घाला, इंजिन बसवा, गिरणी सुरू करा, नारळ फुटतोच. मी डिशला कुंकू लावलं, पायरीवर नारळ फोडला, आणि त्याच खोबऱ्याच्या वड्या केल्या. बायको पूर्वी करायची तशा नाही जमल्या, जरा कडक झाल्या. त्या ताटलीत घालून मी रांगेतल्या प्रत्येक घरी गेलो. दार उघडणाऱ्याला वडी दिली आणि वर बोट दाखवून सांगितलं, नवीन बसवली, बायकोसाठी. सगळ्यांनी वडी घेतली. कोणी ‘श्योन’ म्हणालं, म्हणजे छान, कोणी ‘आख सो’ म्हणालं, म्हणजे असं होय. शेजारच्या म्हातारीने तर दोन घेतल्या.

त्या डिशने काय केलं ते सांगतो. पहिले काही दिवस बायको नुसती बघायची. मग एक दिवस मी चहा घेऊन आलो तर पडद्यावर एक नटलेली सासू कोणाच्या तरी दुधात काहीतरी कालवत होती, आणि आमची ही सबंध वाक्य बोलली.

“अहो, बघा की, मेली विष घालत्ये.”

मी चहा खाली ठेवून तिच्याशेजारी बसलो, पुढचं बघायला. त्यानंतर रोज काहीतरी. त्या सासूला शिव्या, त्या सुनेला अक्कल शिकवणं, मग मला, चहात साखर जास्त झाली म्हणून. शनिवारी मुलगी आली तर तिलाही म्हणाली, केस बांध, किती पिंजारलेत. मी अर्थ सांगितला, तशी मुलगी न्हाणीघरात जाऊन रडली आणि केस बांधून बाहेर आली.

मग गावाच्या बांधकाम खात्याचं पत्र आलं. मुलीने वाचून दाखवलं. या वस्तीचा आराखडा मंजूर झाला तेव्हाच ठरलंय की रस्त्यावरून दिसेल अशा जागी डिश लावायची नाही. सगळ्यांची दर्शनी बाजू एकसारखी राहायला हवी. मुदतीत काढा, नाहीतर दंड. मी म्हटलं, पलीकडच्या भाड्याच्या इमारती बघ, खिडकीखिडकीला डिश आहे. ती म्हणाली, त्यांचा आराखडा वेगळा. मी विचारलं, मग घर माझं म्हणजे नक्की काय माझं? ती पत्र परत पहिल्यापासून वाचायला लागली.

रांगेतल्या कोणीतरी चुगली केली, हे उघड होतं. माझ्या हातची वडी खाऊन. मी दोन दिवस कोणाकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी कुंपणापाशी शेजारची म्हातारी भेटली, तर तिला सरळ विचारलं, कोणी कळवलं ठाऊक आहे का. मला वाटलं मान खाली घालील.

“मी कळवलं,” ती म्हणाली. “तुम्ही स्वतः येऊन दाखवलीत. मला वाटलं, तुम्ही परवानगी काढलीये, म्हणून खात्यात विचारून पाहिलं. नव्हती.”

“मला विचारायचं.”

“तुम्हाला विचारून काय? नियम तुम्ही थोडाच केलाय. मलासुद्धा निळं दार परत पांढरं करावं लागलं, माझे यजमान गेले त्याच वर्षी. त्यांना निळं आवडायचं.”

आणि मग तिने विचारलं, बायको कशी आहे, आणि त्या वड्यांत काय घातलं होतं. मला भांडायचं होतं. आयुष्यभर मी भांडून जागा केली, जहाजावर, वर्कशॉपात, घर घेतानासुद्धा. इथे समोर भांडायला माणूसच नव्हता. मी खोबरं, साखर, वेलची सांगून घरात आलो.

काढणार नाही, असं मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, वकील करता येईल, अशा बाबतीत कधी कधी निकाल आपल्या बाजूने लागतो, पण वर्ष जाईल, दोनही जातील. आईकडे बघून ती हे हळू आवाजात जर्मनमध्ये म्हणाली, हळू बोलायची काही गरज नव्हती तरी. दुसरा मार्ग म्हणजे खात्यात जाऊन खास सवलत मागायची.

मागायची. हा शब्द मला कधी जमला नाही. पण गेलो. कोट घालून गेलो. टेबलापलीकडे मुलीच्याच वयाची एक बाई होती, चांगली होती, तिने पाणी दिलं. तिला बायकोचं सगळं सांगावं लागलं. वाचा कशी गेली, काय समजतं, काय समजत नाही, शौचाला कोण नेतं. जे मी भावाला फोनवर सांगितलं नव्हतं ते मी त्या परक्या पोरीला सांगितलं, आणि ती लिहून घेत होती. मधूनमधून ती ‘गेनाऊ’ म्हणायची, बरोबर, बरोबर. माझ्या बायकोच्या लाजेतलं काय बरोबर होतं, मला कळलं नाही. डॉक्टरचा दाखलाही दिला. मग त्यांची समिती बसली.

सवलत मिळाली. पत्र आलं तेव्हा मुलीने फोनवर माझ्याकडून एकेक अक्षर वाचून घेतलं आणि ओरडलीच, पापा, मिळाली. शनिवारी आली तेव्हा नीट वाचलं. आजारपण लक्षात घेऊन डिशला परवानगी देण्यात येत आहे, मागच्या बागेत, जमिनीवर, रस्त्यावरून दिसणार नाही अशा बेताने.

तुर्की माणसाला परत बोलावलं. त्याने पुढच्या भिंतीवरून डिश उतरवली, भोकं बुजवली, वर पांढरा रंगसुद्धा लावला. मग मागे बागेत खांब रोवला. बाग उत्तरेला. मध्ये आमचं घर उभं. त्याने डिश इकडे फिरवली, तिकडे फिरवली, पार कुंपणाला टेकवून पाहिली. मी खिडकीतून टीव्हीकडे बघून त्याला खूण करत होतो. पडद्यावर नुसती राखाडी मुंग्यांची रांगोळी. बायको खुर्चीत बसून त्या मुंग्यांकडे बघत होती. छपराच्या कण्यावर चढवली तर लागेल, तो म्हणाला, पण मग रस्त्यावरून दिसेल. माझ्याच घराने माझं आकाश अडवलं होतं. त्याने खांबाचे पैसे घेतले नाहीत. मला तेही आवडलं नाही, पण वाद घालायचं त्राण नव्हतं.

मी परत खात्यात गेलो. त्या बाईला खरंच वाईट वाटलं असावं. ती म्हणाली, परवानगी दिली आहे, तिथे सिग्नल येतो का नाही हे आमच्या हातात नाही.

संध्याकाळी बायकोने विचारलं, “अहो, लावा ना.” मी म्हटलं, बिघडलंय. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मग काही दिवसांनी विचारायची थांबली. मुलीने कसल्याशा मराठी कॅसेटी मिळवून आणल्या. गाणं लागलं की बायको डोळे मिटायची, बोलायची नाही. गाण्यातल्या माणसाला शिव्या थोड्याच देता येतात.

तेव्हा मी ठरवलं, आपणच बोलायचं. भाषा तीच, माणूस घरातला, कोणाची परवानगी नको. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. आणि माझ्या लक्षात आलं की मला काही येत नाही. लग्नानंतर निम्मा जन्म मी समुद्रावर होतो, उरलेला कामावर. आमचं बोलणं म्हणजे जेवलीस का, औषध घेतलंस का, दार लावलंस का. एवढं विचारून संपलं की मी गावचं काढतो, कोण कोणाचा, कोण मेलं. मग ते पण संपतं. मग मी बाहेर काय दिसतंय ते सांगतो, बस आली, बस गेली. ती माझ्या तोंडाकडे बघत असते. पूर्वी अधूनमधून ‘हं’ म्हणायची. आता मान हलवते. ती हो म्हणत्ये की नाही म्हणत्ये, मी विचारतो, तर परत तशीच हलवते.