तोफेआधी भट्टी

टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये तीस वर्षं मी रिफायनरीतल्या गंजून अडकलेल्या व्हॉल्व्हशी झगडले. रिटायर झाल्यावर लेकीजवळ, पूर्व किनाऱ्यावर राहायला आले. इथल्या बंदरात व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक अमेरिकन युद्धनौका म्युझियम म्हणून उभी आहे. दर शनिवारी मी तिथे व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागले.

तिच्या मोठ्या तोफेला मागून एक जाडजूड पोलादी दार आहे. त्यातूनच गोळा भरत. ते कित्येक वर्षं उघडलेलं नव्हतं.

"रंग लावून बंदच ठेवू या," तिथली तरुण मॅनेजर म्हणाली. "मोडलं तर दुसरं मिळणार नाही."

"मोडणार नाही. मला महिनाभर द्या."

दारावर हातोड्याच्या खुणा होत्या. आधी कुणीतरी जोर लावून पाहिला होता. मी जोर लावलाच नाही. दर शनिवारी फटीत तेल सोडायचं, हीट गनने हळूहळू ऊब द्यायची, पुसायचं आणि पुन्हा तेल. चौथ्या शनिवारी हँडल बोटभर सरकलं. दुपारपर्यंत दार पूर्ण उघडलं. आतले आटे अजून चकचकीत होते.

आमच्यातला एक व्हॉलंटियर ऐंशीच्या घरातला, नौदलात बॉयलरवर नोकरी केलेला. त्याने दार दोनदा उघडून-मिटून पाहिलं.

"छान काम केलंस," तो म्हणाला. "आता खाली चल."

अरुंद शिडीने आम्ही बॉयलरच्या विझलेल्या भट्ट्यांपाशी उतरलो. त्याने माझ्या हातात फावडं दिलं. मी कोळसा टाकू लागले आणि दहाव्या खेपेला कंबर धरून उभी राहिले.

"इथे चार-चार तास हेच चालायचं," तो म्हणाला. "कुणी उष्म्याने बेशुद्ध पडला की त्याला वर न्यायचे आणि दुसरा फावडं उचलायचा. लढाईत वर काय चाललंय ते दिसायचंही नाही. नुसते तोफांचे आवाज."

आमच्या रिफायनरीतले बॉयलर एसी कंट्रोल रूममधून चालायचे.

पुढच्या शनिवारी मी मॅनेजरला सांगितलं, लोकांना जहाज दाखवायची माझी टूर आता खालून सुरू होईल.

"लोक तोफ बघायला येतात."

"तोफ दाखवीनच. पण भट्टीनंतर."

तिने दोन आठवडे ट्राय करायला दिले. पहिल्याच ग्रुपमधल्या एका धिप्पाड माणसाने हसत फावडं घेतलं. आठव्या खेपेला ते खाली ठेवून त्याने विचारलं, "इथे कोळसा टाकणाऱ्यांची वयं काय असायची?"

"बहुतेकांची वीस-बावीस," आमच्यासोबत आलेला तो बॉयलरवाला म्हातारा म्हणाला.

वर आल्यावर मी तोफेचं दार उघडलं. तो धिप्पाड माणूस छतातल्या हुकांकडे बघत होता. मी सांगितलं, इथेच झोळ्या बांधून ते खलाशी झोपायचे, तोफांच्या मधल्या जागेत.

दोन आठवडे कधीच उलटले. टूर अजून खालूनच सुरू होते.