जाते नाही, येते

मखमलाबादच्या मळ्यात शेवंती खुडत वाढलेली सून मिळाली म्हणून साळूबाई खूश होत्या. ती कॉम्प्युटरही शिकलेली निघाली, हे त्यांनी पोटात घातलं.

१९९६ साली भाग्यश्रीला नाशकात बागांची माती तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत तीन महिन्यांच्या बोलीवर काम मिळालं. मुदत शनिवारी संपत होती आणि यंत्र नेमकं तेव्हाच रुसलं. तिने यंत्राला कामांची यादी लिहून दिली होती. आधी आकडे तपासायचे, मग अहवाल छापणारी दुसरी यादी चालवायची, परत येऊन सगळं फ्लॉपीवर उतरवायचं. पण अहवाल छापून झाले की काळा पडदा मख्खासारखा बघत बसायचा. फ्लॉपी कोरीच.

"शनिवारपर्यंत जमलं तर ठीक," साहेब म्हणाले, "नाहीतर दुसरा माणूस बघतो." माणूस म्हणजे पुरुष, हे तिला न सांगता कळलं.

शुक्रवारी सकाळी चपला घालता घालता ती म्हणाली, "आत्याबाई, जाते मी."

साळूबाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून दारात आल्या. "जाते नाय म्हणू गं! येते म्हण. माघारी यायचं हाय ना तुला?"

भाग्यश्री उंबऱ्यातच थबकली. कॉम्प्युटर क्लासच्या वहीत एक शब्द होता, 'कॉल'. दुसऱ्या यादीच्या नावाआधी तो लिहायचा, म्हणजे आपलं काम संपवून ती पहिल्या यादीकडे परत येते. न लिहिताही यादी चालते, म्हणून या शहाणीने तो गाळला होता. चालते खरी, पण ती 'जाते' म्हणून गेलेली. परत येईल कशाला?

ऑफिसात पोचताच तिने तो एक शब्द लिहिला. अहवाल छापून झाले आणि फ्लॉपीचा दिवा लागला. तिचे डोळे भरून आले.

"कोणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"सासूबाईंनी."

त्यांना तो विनोद वाटला. वाटू दे! नोकरी कायम झाली. पुढे कित्येक वर्षं नव्या मुलींना हा धडा देताना ती आधी सासूबाईंचं नाव घ्यायची, मग यंत्राचं.

त्या संध्याकाळी मात्र ती पेढे घेऊन थेट चुलीपुढे गेली आणि साळूबाईंच्या पाया पडली. "तुमच्यामुळं टिकले मी, आत्याबाई."

साळूबाई संकोचल्या. "मला काय कळतंय त्यातलं? तू सांजच्याला घरी यावी, एवढंच म्हणत व्हते मी."