अस्तरावरचे ससे

चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती, उरलेली दोन वहिनींच्या. पहिली घडी झाली. दुसरीसाठी त्या पुढे येईनात, टोकं धरून नुसत्या उभ्या.

"या की पुढे," मी म्हटलं.

"तूच ये बाई. मला आज कुणाकडे चालत जावंसं वाटत नाही."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही दोघी एकाच घरात, मधे फक्त एक जिना. त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. लिहायची वेळ अशी यावी, हे मात्र वाटलं नव्हतं.

दर हिवाळ्यात नदीकाठच्या मैदानावर एक मंडळ जुन्या काळची लढाई उभी करतं. एरवी टायरचं दुकान चालवणारा माणूस त्या दिवशी सेनापती होतो, आणि खरं सांगायचं तर उरलेलं वर्षभरही तो सेनापतीच असतो. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते नगारा वाजवतात. मंडळाचा नियम कडक: अंगावरचं सगळं त्या काळातलं हवं. चेन नाही, इलॅस्टिक नाही, कारखान्यातलं कापड नाही. आणि मैदानावरचा वारा असा, की पहिल्या वर्षी निम्मं सैन्य शेकोटीपाशीच धारातीर्थी पडलं होतं.

त्यावर उपाय शोधला वहिनींनी. लोकर हाताने पिंजून, गरम पाण्यात मुद्दाम आटवून त्यांनी कानपट्ट्या केल्या, पोटऱ्यांना गुंडाळायच्या पट्ट्या केल्या, गळपट्टे केले. जुन्या काळचे दिसतील आणि ऊबही देतील असे. मग मंडळाने त्यांना कपड्यांच्या तंबूत एक टेबल दिलं. "काकू, माझे कान!" "वहिनी, माझा गळा!" अशी रांग लागायची. घरात त्यांना लोक हाका मारतात त्या चहासाठी. तिथे त्यांच्या हातांसाठी मारायचे. टेबलापाशी बसल्यावर त्यांची मानसुद्धा वेगळी दिसायची, हे मी पाहिलंय.

यंदा दादांनी हट्ट धरला. लोकरीचे हातमोजे टोचतात, बोटं मिटत नाहीत, आतून काहीतरी मऊ लाव. वहिनी म्हणाल्या, "नाही हो, नियम आहे. इतरांना मी नको म्हणते, मग तुम्हाला कसं लावू?"

दादा माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, दोन्ही पंजे लहान मुलासारखे वहिनींपुढे धरून. "बघ गं, लाकडं झालीत नुसती. ससे आत, लोकर बाहेर. कोण उलटं करून बघतंय?"

ससे म्हणजे माझ्या मुलीच्या जुन्या पांघरुणावरचे. गुलाबी कापड, त्यावर गाजर खाणारे ससे. वहिनींनी ते कापलं आणि अस्तर लावलं. टाका घालताना मला म्हणाल्या, "हे काही मला बरं वाटत नाही." पण घातला.

लढाईच्या दिवशी सकाळी सेनापतींनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. दादांच्या हातातला मोजा ओढला आणि सहज उलटा केला. गुलाबी ससे बाहेर आले. कुणीतरी ओरडलं, "शत्रूने गाजरं पेरलीत रे!" आणि सगळं मैदान हसलं.

सेनापती हसले नाहीत. "नगारची, हे काय?"

दादांनी एकदा नगाऱ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. आम्ही बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे, चहाचा थर्मास घेऊन उभ्या होतो. "मला काय माहीत?" दादा म्हणाले. "हिने दिले, मी घातले. बायकांना कुठे कळतात हे नियम!" आणि तेही हसले.

मी पुढे होणार, तोच वहिनींनी माझं मनगट धरलं. "शिवलेत मीच," त्या म्हणाल्या. एवढंच.

"मग वहिनी, टेबल आता दुसरं कुणीतरी बघेल," सेनापती म्हणाले.

दादांनी उघड्या हातांनी नगारा वाजवला. छान वाजवला. ते खोटं कशाला लिहू? लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी थर्मास उराशी धरून तशाच उभ्या होत्या.

देवापुढे बसले की मी रोज मागते, कुणाबद्दल मन कडू होऊ देऊ नकोस. त्या संध्याकाळी ते शब्द तोंडातून निघेनात.

आणि आज ही चादर. आम्ही अशा उभ्या असताना दादा जिना उतरून आले. बोटांना भेगा पडलेल्या.

"अगं, मलम कुठंय?"

"खिडकीत. निळी डबी."

डबी घेऊन ते गेले नाहीत. "हे बघ, मी बोललोय सेनापतींशी. ते टेबल परत देतील. तू फक्त सगळ्यांसमोर म्हणायचं, चुकलं माझं, यांना माहीत नव्हतं. एवढंच. दोन शब्दांचा तर प्रश्न आहे."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"आता ते उकरून काय मिळणार? नगारा गेला असता माझा!"

"आणि माझं टेबल?"

"तेच तर परत मिळवून देतोय ना!"

दादांना खरंच वाटत होतं की ते उपकार करताहेत. मला राग आला तो त्याचा.

वहिनी पुढे आल्या. त्यांनी चादरीची टोकं माझ्या हातातल्या टोकांना जुळवली, घडी पुरी केली आणि हाताने दाबून सपाट केली. मग दादांकडे न बघता म्हणाल्या, "खोटं बोलून मिळालेल्या टेबलावर मला टाका घालता येणार नाही. पुढच्या हिवाळ्यात हातांचं तुमचं तुम्ही बघा."

दादा डबीचं झाकण फिरवत राहिले. ते उलटं फिरवत होते, उघडत नव्हतं. कुणी मदत केली नाही.

घडी कपाटात ठेवून वहिनींनी चपला घातल्या. मी विचारलं, "कुठे निघालात?"

"मंडळाच्या खोलीवर. माझी कात्री राहिलीय तिथे, ती आणते."