देवीचं वारं आणि मेंदूचा फोटो

देवीचं वारं अंगात आलंय की माणूस आजारी पडलाय, हे आपल्याला कळू नये, अशी वेळ कुणावर येऊ नये. माझ्यावर ती आली, तीही शिमग्यात, देवीची पालखी आमच्याच अंगणात असताना.

आमचं गाव रत्नागिरीपासून फार लांब नाही. माझे मालक तेव्हा मिरकरवाडा बंदरातल्या एका मासेमारी लाँचीवर तांडेल होते, म्हणजे लाँच हाकायची आणि खलाशांना सांभाळायचं काम त्यांचं. एरवी दिवसच्या दिवस समुद्रावर, पण शिमग्याला घरी येणार म्हणजे येणार. पालखी खांद्यावर घेतल्याशिवाय त्यांचं वर्ष सुरू व्हायचं नाही. माझी भक्ती इतकी वाजतगाजत नाही. मी सांज-सकाळ दिवा लावते आणि जे मागायचं ते मनातल्या मनात मागते. तेव्हा बहुतेक वेळा एवढंच, की ह्यांनी दर्यावरून सुखरूप घरी यावं. घरच्या अंगणात काही होईल, असं कधी मनातच आलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारच्या आधीच पालखी आमच्याकडे आली. ढोल जोरात होते. ह्यांनी पालखी नाचवली, मग दुसऱ्याच्या खांद्यावर दिली आणि येऊन पायरीवर बसले. मी देवीच्या ओटीचं ताट घेऊन बाहेर आले, तर ते माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. शब्द होते, पण एकही कळेना. जीभ जड झाल्यासारखी. मग अंग एका बाजूला झुकायला लागलं.

"वारं आलं! वारं आलं!" कुणीतरी ओरडलं. ढोल आणखी वाढले. आमच्याकडे पालखीसमोर एखाद्याच्या अंगात येतं, त्याचं नवल नाही. माझे चुलत सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, गावचे मानकरी. ते पुढे आले आणि म्हणाले, "हात नको लावू गो त्याला. देवी जाईल आपसूक." गुरवाने कपाळाला अंगारा लावला. मीही हात जोडले. देवीच आहे तर आपण काय करणार, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन म्हणत होतं, ह्यांच्या तोंडाची एक बाजू अशी खाली का आली आहे? पण देवीच्या समोर शंका घ्यायची कशी? मी ताट हातात धरून तशीच उभी राहिले.

आमच्या अंगणाला लागूनच रस्ता आहे. पालखीमुळे तो अडला होता आणि एक गाडी थांबली होती. गाडीतून एक बाई दर्शनाला उतरल्या होत्या. चाळिशीच्या असतील, आमच्या भागातल्या नव्हत्या. पालखी नाचत असल्यापासून त्या मोबाईलवर व्हिडिओ काढत होत्या. त्या गर्दीतून माझ्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, तुमचे मालक का? त्यांना जरा हसायला सांगा."

मला राग आला. ही काय वेळ आहे हसण्याची? पण त्यांचा चेहरा गंभीर होता. मी खाली बसले आणि ह्यांना म्हटलं, "अहो, जरा हसा बघू." ते हसले. अर्धेच हसले. मी त्यांचा उजवा हात उचलून धरला आणि सोडला, तर तो मांडीवर पडला. ज्या हाताने लाँचीचं चक्र धरायचं, तो हात.

"माझ्या बाबांना असंच झालं होतं," त्या बाई म्हणाल्या. "दमले असतील म्हणून आम्ही त्यांना झोपू दिलं. तुम्ही थांबू नका. माझी गाडी आहे."

मी आप्पांकडे बघितलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या शब्दापुढे बोलले नव्हते. पण तोंडातून निघूनच गेलं, "आप्पा, मी ह्यांना रत्नागिरीला नेते. देवीला काय वाटायचं ते वाटू दे."

आप्पा वाकले. त्यांनी पुतण्याचा चेहरा नीट बघितला, हात वर केला आणि ढोल थांबवले. "पालखी बाजूला घ्या रे," ते म्हणाले. "गाडीला वाट द्या." आमच्याकडे पालखी कुणासाठी बाजूला सरत नाही. त्या दिवशी सरली. गुरवाने तिथेच उभ्या उभ्या देवीला गाऱ्हाणं घातलं, आप्पाही आमच्याबरोबर गाडीत बसले, आणि दार लागता लागता मागून सगळ्या गावाचं "होय महाराजा" ऐकू आलं.

रत्नागिरीतल्या इस्पितळात पोचलो तोवर ह्यांचं बोलणं पूर्ण बंद झालं होतं. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी लगेच डोक्याचा सी.टी. स्कॅन काढायला नेलं. बाहेर येऊन म्हणाले, "स्ट्रोक दिसतोय. मेंदूचे तज्ज्ञ आमच्याकडे नाहीत, ते कोल्हापूरला असतात. पण फोटो निघाल्याबरोबर कॉम्प्युटर ते वाचतो. एआय म्हणतात ना, ते. रक्तस्राव आहे का, मेंदूचा कुठला भाग निकामी झालाय का, ते खुणा करून दाखवतो आणि तिकडच्या सरांच्या फोनवर पाठवतो."

"यंत्र चुकलं तर?" मी विचारलं.

"चुकतं कधीकधी. मागे एका जुन्या व्रणाला ते नवीन म्हणालं होतं. म्हणून मी बघतो, सर बघतात, मगच ठरवतो. पण पूर्वी फोटो कुणीतरी बघेपर्यंत पडून राहायचा, तसं आता होत नाही."

खरंच, आमचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कोल्हापूरचे डॉक्टर होते. त्यांनी स्वतःही फोटो बघितले होते. रक्तस्राव नव्हता. गुठळी अडकली होती, पण मेंदूचा भाग अजून वाचण्यासारखा होता. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल, मात्र त्रास सुरू झाल्यापासून काही तासांच्या आतच. उशीर झाला असेल तर त्याच इंजेक्शनाने डोक्यात रक्तस्राव व्हायचा धोका जास्त.

"शेवटचे अगदी ठीक कधी होते?" डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच आप्पा म्हणाले, "सकाळपासनं गप्प गप्पच होता तो."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. सकाळपासून असेल तर इंजेक्शन देता येणार नाही, म्हणाले. मी आठवायला लागले. सकाळी ते बोलले होते का माझ्याशी? चहा घेतला होता, पण काय बोलले? पालखी नाचवली तेव्हा तर मी आत ओटीचं ताट करत होते. सणाच्या गडबडीत कोण लक्ष देतं? जितकं आठवायला जावं तितकं सगळं पुसट होत गेलं. त्या कॉम्प्युटरला डोक्याच्या आतलं दिसत होतं, आणि त्यांच्याबरोबर घरात वावरणाऱ्या मला ते सकाळी कसे होते, हे सांगता येत नव्हतं. मी डोळे मिटले आणि देवीला म्हटलं, आता माझ्याने होत नाही, तू बघ.

"डॉक्टर, हे बघा." त्या बाई अजून गेल्या नव्हत्या. त्यांनी मोबाईल पुढे केला. व्हिडिओत पालखी नाचत होती, आणि पुढच्या दांडीला आमचे हे. दोन्ही हात वर, तोंडभर हसू. मग मागच्याला ओरडून म्हणाले, "अरे, सांभाळ, तुळशीला लागेल!" शब्दन् शब्द स्पष्ट. व्हिडिओ कधी काढला ती वेळ फोनमध्ये होतीच. डॉक्टरांनी ती बघितली, व्हिडिओ पुन्हा एकदा बघितला आणि कोल्हापूरला फोन लावला.

इंजेक्शन द्यायचं ठरलं, मग त्यांनी मला सगळं समजावलं. गुण येईलच असं नाही, उलटंही होऊ शकतं. मी सही केली. मन, का कोण जाणे, शांत होतं. सही करून मागे वळले तर त्या बाई निघून गेल्या होत्या. गाडीत त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई वाट बघत होत्या, एवढंच आप्पांनी सांगितलं. त्यांचं नाव मी विचारलंच नव्हतं. अजूनही मला ते माहीत नाही. रोज दिवा लावताना मी त्यांच्यासाठी हात जोडते, तेव्हा डोळ्यांसमोर फक्त त्यांचा चेहरा असतो.

संध्याकाळी ह्यांची उजवी बोटं हलली. पुढे पाय हलला. बोलणं मात्र मागे राहिलं. लाँचीवर आता दुसरा तांडेल आहे. हे घरी असतात आणि डाव्या हाताने जाळी शिवायला शिकले आहेत. सगळं पूर्वीसारखं झालं, असं मी म्हणणार नाही. हा चमत्कार होता का, असं लोक विचारतात. मला तो वाद घालता येत नाही. कुणी विचार करून ते यंत्र बनवलं, कुणी ते आमच्या रत्नागिरीपर्यंत आणलं, कुणी दर्शनासाठी गाडीतून उतरलं. ह्या सगळ्यांना त्या दिवशी आमच्या वाटेवर कुणी आणून ठेवलं, ते मी शोधत नाही. पूर्वी मला वाटायचं, शरण जायचं म्हणजे हात जोडून उभं राहायचं. त्या दिवशी मला मोठ्यांसमोर बोलावं लागलं, गाडीत बसावं लागलं, सही करावी लागली. एवढं सगळं केल्यावर जे हातात उरलं नाही, तेवढंच देवीवर सोपवता आलं.

महिनाभराने बोलण्याचे व्यायाम सुरू झाले. शिकवणाऱ्या मॅडम एकेक चित्र दाखवायच्या आणि हे नाव सांगायचे. मासा यायचा, होडी यायची, कपबशी अडायची. एके दिवशी मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "आणि ह्या कोण?"

ह्यांनी आजवर चारचौघांत माझं नाव कधी घेतलं नव्हतं. "अगो" म्हटलं की मी यायचे. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं, ओठ जुळवले आणि एक नाव घेतलं. मॅडमनी कागदावर बघितलं, मान हलवली आणि हळुवारपणे म्हणाल्या, "नाही हो, परत प्रयत्न करा."

कागदावर माझं सासरचं नाव होतं. ह्यांनी घेतलं ते माहेरचं, लग्नात बदललेलं. माझे वडील गेल्यापासून त्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती. ते ह्यांच्या ध्यानात असेल, हे मला कधी कळलंही नव्हतं.

"मॅडम," मी म्हटलं, "बरोबर आहे त्यांचं."