जिऱ्याआधीचा भात

वॉटर पार्कात कुठे जेवायचं हे मी मेनू वाचून ठरवत नाही. उष्टी ताटं जिथे रिकामी करतात तिथे दोन मिनिटं उभी राहते. लोकांनी काय टाकलं ते तिथे दिसतं. बोर्डावर नुसते फोटो असतात.

नागपूरकडच्या त्या पार्कात आम्ही चौघं गेलो होतो. मी, माझी मुलगी, माझी धाकटी जाऊ आणि तिचा सहा वर्षांचा पोरगा. पोरगा भात खातो आणि भातच खातो. पांढरा, मोकळा, कशालाही न लागलेला. वरण वेगळ्या वाटीत, त्यात हिरवं काही दिसलं की जेवण संपलं. आमचं गोंदियाकडच्या दवनीवाड्याचं घर धानाचं, भातशेतीचं, तिथे हे लाड खपतात. पण पार्कवाल्यांनी गेटवरच त्याचा भाताचा डबा ठेवून घेतला. बाहेरचं खाणं आत चालत नाही.

माझ्या मुलीचा चेहरा तिथेच उतरला. मागच्या खेपेला हा उपाशी राहिला, रडला, ओकला, आणि जावेने भर दुपारी सगळ्यांना गाडीत बसवलं. लाटांचा तलाव तीनला सुरू होतो. मुलीने तो तेव्हा लाटांशिवायच पाहिला होता.

"आई, त्याले कसंही जेवव," ती माझ्या कानात म्हणाली. "नाहीतर काकू निघाली समज."

खाण्याच्या तीन जागा होत्या. एकीत पिझ्झा-नूडल्स, दुसरीत डोसे. तिसरीत थाळी आणि एसी. तिसरीच्या उष्ट्यात पनीर होतं, भाजी होती, भात मात्र कुणी टाकला नव्हता. आत शिरलो.

"जीरा राइस है, पुलाव है," वेटर म्हणाला.

"सादा?"

"सादा नहीं मिलेगा, मॅडम."

"जीरा डालने के पहले क्या रहता है?"

"सादा," तो म्हणाला.

"वही लाओ. पैसे जीरेवाले के लो."

भात आला, वरण वेगळ्या वाटीत. पांढरा, मोकळा भात, एक डाग नाही. जाऊ म्हणाली, "ताई, तुमाले बरं जमते." तेवढ्यात पोराने एक शीत चिमटीत धरून उजेडात पाहिलं.

"मोठी आई, हा भात नोहोय. ह्या सेवया आहेत."

बासमती होता. आमच्या शेतातला दाणा बुटका. भात लांबही असतो हे पोराला कुणी सांगितलंच नव्हतं.

"भातच आहे बाबू, खाय," जाऊ म्हणाली.

"मंग एवढा लंबा काऊन?"

तिने पर्स खांद्याला लावली. "निघू ताई. हा काही खात नाही."

माझ्या मुलीने पर्सकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "सेवयाच आहेत," ती त्याला म्हणाली. "तुले दुधातल्या आवडतेत ना? थांब."

चहाच्या काउंटरवरून ती कपभर गरम दूध आणि साखर घेऊन आली, भातावर ओतलं आणि चमचा त्याच्या हातात दिला. तो खाऊ लागला. अर्धं ताट संपल्यावर त्याने आणखी साखर मागितली. जावेने पर्स खाली ठेवली. वरण मी पिऊन टाकलं, पैसे दिले होते.

तीनला भोंगा वाजला. मुलगी अशी पळाली की चपला टेबलाखालीच राहिल्या. फाटक बंद करायची शिट्टी होईपर्यंत ती लाटांतून बाहेर आली नाही.

घरात आता धानाच्या पोत्यांची थप्पी असते आणि तिच्यामागे जावेने गोंदियाहून आणलेला किलोभर बासमती. सासऱ्यांनी एकदा विचारलं, हे काय. जाऊ म्हणाली, सेवया.